सतराव्या प्रकरणातलं मरण

४ मार्च

प्रिय मुंगी,

पत्राच्या सुरुवातीला समोरच्या माणसाची तब्येत विचारावी, असं कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आम्हाला पट्टी हातात धरून शिकवलं होतं. पण तुझ्या तब्येतीची चौकशी करण्यात आता अर्थ नाही. तू मेली आहेस. सतराव्या प्रकरणात, एका देखण्या वैमानिकाच्या मांडीवर डोकं ठेवून. तुझे शेवटचे शब्द आहेत, "बघा ना, आकाश किती निळं आहे."

मी तुझ्याबरोबर तीन वर्षं एका खोलीत काढली. तू आकाशाला निळं म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नाही. सकाळी दार उघडून तू वर बघायचीस आणि म्हणायचीस, "आलं का मेलं परत अंगावर." आणि वैमानिक आपल्याला दिसायचे ते दुर्बिणीतून.

नीट सांगते, नाहीतर म्हणशील शिट्टीला म्हातारचळ लागला. एक लेखिकाबाई आहेत. चांगल्या घरच्या, महागड्या चष्म्याच्या. युद्धात काम केलेल्या बायकांवर त्यांनी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली आणि कुणीतरी त्यांना माझं नाव दिलं. वर्षभर त्या माझ्याकडे येत होत्या, माझी बिस्किटं खात होत्या आणि मान डोलवत टिपून घेत होत्या. मी लहान मुलाला सांगावं तसं पहिल्यापासून सांगितलं. शत्रूची विमानं शहरावर खाली उतरू नयेत म्हणून पोलादी तारेला बांधलेले फुगे आकाशात सोडायचे, बंगल्याएवढे. आधी ते काम पुरुषांकडे होतं. पुरुष आघाडीवर गेले आणि फुगा आमच्या गळ्यात पडला. आम्ही काही मुली, बागेच्या कोपऱ्यात एक पत्र्याची खोली, एक लॉरी, लॉरीवर तार सोडायचा आणि गुंडाळायचा रहाट, आणि तो रुपेरी फुगा. त्याला आम्ही आत्या म्हणायचो, कारण ती सदा फुगलेली असायची, वारा सुटला की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही आणि तिची मर्जी सांभाळण्यात सगळ्या घराचा दिवस जायचा. मी टोळीची प्रमुख, गळ्यात शिट्टी. तू रहाटावर. एवढीशी पोर, पण अख्खी आत्या एका दांड्यावर खाली उतरवायचीस, म्हणून तू मुंगी.

इतकं सगळं सांगितलं. मग छापायला द्यायच्या आधी एकदा नजर घाला म्हणून बाईंनी बाड पाठवलं, आणि काल दुपारी चहा पिता पिता तू माझ्या डोळ्यांदेखत मेलीस. मी लगेच फोन केला.

"बाई, मुंगी मेलेली नाही."

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत की."

"मग?"

"अहो, कादंबरी आहे ही. सगळ्याच्या सगळ्या मुली धडधाकट घरी परतल्या तर वाचणाऱ्याच्या काळजाला हात कसा घालायचा?"

"त्यासाठी दुसरं कुणी सापडलं नाही?"

"ती सगळ्यांत धाकटी. आणि सगळ्यांत गोड."

गोड. साहेबाच्या बुटावर ग्रीस सांडून वर त्याच्याकडेच फडका मागणारी तू, ती गोड.

मी पुष्कळ भांडले. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, फोनवर भांडायला मला दम लागत नाही. पण बाईही काही कमी नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तिच्या मरणाला तिची हरकत असेल तर तिने स्वतः येऊन सांगावं. तुम्ही तिच्या वतीने जिवंत राहू शकत नाही." महिनाअखेरीला बाड छापखान्यात जाणार. त्याच्या आत तू इथे येऊन, त्या बाईंच्या समोर उभी राहून, मी आहे म्हणून सांगायचं. पुस्तकात आपली टोपणनावं जशीच्या तशी आहेत. तुझी मुलं वाचतील, नातवंडं वाचतील, आणि तू वैमानिकाच्या मांडीवर.

मी तुला एकेचाळीस वर्षांत एकही पत्र लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. का लिहिलं नाही ते तुझ्याही लक्षात असेल. ते कारण बहुधा आत्ता तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून उद्या ऊन पडणार की नाही ते सांगत असेल. त्याला माझा नमस्कार सांगू नकोस.

तुझा पत्ता कुठून मिळाला म्हणून विचारू नकोस. टेलिफोनवाल्या बाईपासून पत्ता लपत नाही.

शिट्टी

११ मार्च

मुंगी,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, ते अजूनही उताणं पडलेल्या झुरळासारखं आहे. मजकूर एका ओळीचा: "मेले तर मेले, पेन्शनच्या रांगेतून सुटले."

याला विनोद म्हणतात हे मला कळतं. पण मला हसायला आलं नाही. फक्त भाचीला कार्ड दाखवताना तोंडाशी रुमाल धरावा लागला, आणि तो सर्दीमुळे. भाची माझ्याकडे राहून शिकते आहे. तिने विचारलं, "मावशी, ही तुझी कोण?" मी म्हटलं, रहाटावरची. ती म्हणाली, "नुसत्या रहाटावरचीसाठी तू चार दिवस जेवणावरून उठून टपालपेटी बघायला जातेस?" आजकालच्या मुलींना तोंड फार.

तुला मरणाचं काही वाटत नसेल तर मी दुसरं सांगते, त्याने तरी तुझं डोकं तापेल. बाईंनी चट्टेपट्टेला काढून टाकलं.

बघ, आता कशी सरळ बसलीस.

आत्या सुटली तो दिवस मी त्यांना जसा घडला तसा सांगितला होता. हवामान कचेरीतून फोन आला, संध्याकाळी पश्चिमेचा वारा. फोनवर तोच, ज्याला आपण अंदाजपंचे म्हणायचो. आपण आत्याला खाली उतरवलं, तारेवरून सोडवलं, नाक पश्चिमेला करून वाळूच्या गोण्यांना बांधलं आणि बटाटे सोलायला बसलो. वारा आला भर दुपारी आणि आला दक्षिणेचा. आत्याच्या बरगडीत बसला. गोण्या फाटल्या, शेपटीजवळच्या कापडी कानांपैकी एक टरकला, आणि बाईसाहेब सगळ्या दोऱ्या लोंबकळत ठेवून बागेच्या कुंपणावरून शहर बघायला निघाल्या. तू बटाट्याच्या सुरीसकट लॉरीत चढलीस. मी लॉरीच्या टपावर, शिट्टी वाजवत. फाटलेल्या कानातून वायू गळत होता म्हणून ती फार वर जात नव्हती, छपरांना पोट घासत चालली होती. कुणाचे तरी वाळत घातलेले लेंगे तिच्या शेपटीला अडकले. तू कोपऱ्यावर लॉरी अशी वळवलीस की मी टपावरच कॉन्व्हेंटातल्या सगळ्या प्रार्थना एका दमात म्हणून टाकल्या, आणि त्यांच्यामध्ये काही शब्द असेही आले जे सिस्टरांनी शिकवले नव्हते.

आणि मग चौक. औषधाच्या दुकानाच्या गच्चीत, पहिल्या मजल्यावर, तो माणूस. त्याने खाली रस्त्यावर दोरी पकडली असणार आणि आत्याने त्याला उचलून वर नेऊन ठेवलं असणार. आत्याचा फाटका कान त्याच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत पडला होता, तोंड कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होते फक्त पाय, गच्चीच्या कठड्यात अडकवलेले, पाटलोण घोट्याशी उतरलेली आणि खाली निळ्या-पांढऱ्या चट्ट्यापट्ट्यांची चड्डी. अख्खा चौक हसत होता. पण त्याने दोरी सोडली नाही. त्याने धरून ठेवलं म्हणून शेपूट खाली आली, आणि शिधावाटपाच्या रांगेतल्या बायका पिशव्या टाकून दुसऱ्या दोऱ्यांना लोंबकळल्या. पाववाला आला, बँकेतले कारकून आले. मी टपावरून शिट्टी देत होते आणि सगळे ओढत होते. शेवटी दोऱ्या रस्त्याच्या रोलरला बांधल्या तेव्हा आत्या हुश्श करून बसली. मी मागे वळून बघते तो गच्ची रिकामी.

त्याच्या जागी बाईंनी वैमानिक घातलाय. तो घोड्यावर बसल्यासारखा आत्यावर उडी मारतो. त्याची पाटलोण शेवटपर्यंत जागेवर राहते.

मी हा प्रसंग आयुष्यात किती जणांना सांगितला असेल याला गणती नाही. एक्स्चेंजमधल्या नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायचे. आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, मला लग्न करायचंच असतं तर त्या चट्टेपट्टेशी केलं असतं, तोंड न बघता. सगळ्या हसायच्या. मी पूर्ण गंभीर असायचे.

आता तरी ये.

शिट्टी

१८ मार्च

मुंगी,

येतेस म्हणालीस, आनंद झाला. पुढची ओळ वाचली आणि गेला.

"मी एकटी येणार नाही, हे बरोबर असतील." कशाला? गुडघे दुखतात, बॅग उचलवत नाही, हे मला कळतं. स्टेशनावर हमाल असतात. हमालाने कधी माझी आत्या घालवलेली नाही.

तू विचारतेस, अजून राग आहे का. राग नाही, मुंगी, मत आहे. ज्या माणसाने दिशा आणि वेळ दोन्ही चुकवून आपली आत्या गावभर फिरवली, ज्याला मी दुसऱ्या दिवशी फोनवर सगळ्या टोळीसमोर झाडलं, त्या माणसाशी तू लग्न केलंस. केलंस ते केलंस. मला ते पाववाल्याकडून कळलं. "तुमच्या मुंगीबाईंचं लग्न झालं म्हणे," असं म्हणून त्याने माझ्या हातात पाव ठेवला. तो पाव मी खाल्ला नाही. त्या काळात पाव टाकणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको.

आपलं ठरलेलं होतं. युद्ध संपलं की मोटारदुरुस्तीचं दुकान काढायचं. हत्यारं तू धरायचीस आणि गिऱ्हाइकांशी भांडायचं मी. पाटीचा रंगसुद्धा ठरला होता. रबराचं सोल्यूशन लावून आत्याची भोकं बुजवताना, त्या वासाने डोकं हलकं झालं की आपण दुकानाच्या गप्पा मारत तासन्तास हसत बसायचो. आणि आत्यात नुसती हवा भरून आपण दोघी तिच्या पोटात शिरायचो ते आठवतं? बारीक भोकं शोधायला. आत सगळा रुपेरी अंधार, आणि जिथे भोक तिथे उजेडाचा टिपका. तू बाहेर खडूने खूण करणाऱ्या, टोळीतल्या थोरलीला ओरडून सांगायचीस, "अगं, इकडे, तिच्या पित्ताशयाजवळ." तुझा आवाज असा घुमायचा की जणू आत्याच बोलते आहे. मला त्यानंतर कुठल्याच खोलीत इतकं बरं वाटलेलं नाही. हे मी तुला पत्रात लिहिते आहे कारण समोर मी हे म्हणणार नाही.

तर दुकान राहिलं. मी एक्स्चेंजमध्ये गेले आणि आयुष्यभर दुसऱ्यांची दुसऱ्यांशी गाठ घालून दिली.

तू ये. तो स्टेशनावर बसू दे. तिथे बाकं चांगली आहेत आणि छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आहे, त्याला काहीतरी शिकता येईल.

महिना संपत आलाय.

शिट्टी

२४ मार्च

मुंगी,

तुझं पाकीट काल आलं. मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग भाचीला दिलं आणि म्हटलं, मोठ्याने वाच, मला वाटतं माझ्या डोळ्यांत बिघाड आहे. तिने वाचलं. "गच्चीत दोरी धरून उभे होते ते हेच" इथपर्यंत आली आणि तिच्याने पुढे वाचवेना. ती जमिनीवर बसून हसत राहिली. तासाभराने स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला, तेव्हाही ती हसतच होती.

मी हसले नाही. मी खुर्चीत बसून राहिले.

चट्टेपट्टे. अंदाजपंचे. एकच माणूस.

तू लिहिलंस ते मी आता मनात नीट लावून घेते आहे. दक्षिणेचा वारा सुटला तेव्हा तो कचेरीच्या खिडकीत उभा होता. आपला अंदाज चुकला हे सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं. फोन उचलला तर आपल्याकडे कुणी उचलेना, कारण आपण आत्याच्या मागे होतो. तेव्हा तो टोपी न घेता धावत सुटला आणि चौकात पहिली दोरी त्याच्या हाताला लागली. मी टपावर पाठमोरी उभी राहून बायकांना शिट्ट्या देत होते, तेव्हा तू जिना चढून गच्चीत गेलीस, आत्याचा कान बाजूला केलास आणि आत अंदाजपंचेचं लालबुंद तोंड. त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं, तर "अंदाज चुकला, माफ करा," आणि दुसरं, "माझे हात मोकळे नाहीत, जरा पाटलोण वर कराल का?"

आणि तू केलीस. मुंगी, याला ओळख झाली असं म्हणतात का?

मग त्याने तुझ्याकडून शब्द घेतला की कुणाला सांगायचं नाही. त्याचं म्हणणं, चुकलेल्या माणसाने शाबासकी घ्यायची नसते. आणि चड्डीचंही होतंच. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोनवर झाडत होते, आंधळा, बहिरा, कोंबड्याला जास्त कळतं वगैरे, आणि तो पलीकडून "हो बाई, बरोबर आहे बाई" म्हणत होता. तळहात सोलून निघालेले होते त्याचे. रिसीव्हर त्याने दोन्ही मनगटांत धरला होता, असं तू लिहितेस. हे वाक्य भाचीला नीट वाचता आलं, तिथे ती हसली नाही.

मला का सांगितलं नाहीस, याचं तू दिलेलं कारण असं की मी शपथ घालून म्हटलं होतं, जी कुणी त्या माणसाशी बोलेल ती माझ्याशी बोलणार नाही. दुसरं म्हणजे, मला खरं सांगितलं तर तुझा त्याला दिलेला शब्द मोडायचा, आणि मला सांगणं म्हणजे चौकात शिट्टी वाजवणं. पहिलं कारण मला अपमानास्पद वाटतं. दुसरं बरोबर आहे.

पण मला एक सांग. एकेचाळीस वर्षं मी जगाला सांगत आले की लग्न केलं असतं तर त्या माणसाशी केलं असतं. माझ्या अकरा तारखेच्या पत्रातही लिहिलं. ते तू त्याला वाचून दाखवलंस का?

दाखवलंच असशील. तुझ्या पत्राच्या कडेला दुसऱ्या अक्षरात एक ओळ आहे, बारीक, सरळ, एखाद्या तक्त्यात भरल्यासारखी: "बाई, आपला आभारी आहे, पण जागा भरली आहे."

त्यांना घेऊन ये. रविवारी सकाळच्या गाडीने. मी स्टेशनावर असेन. ओळखशील की नाही माहीत नाही, मी जाड झाले आहे. शिट्टी आणते.

शिट्टी

२ एप्रिल

प्रिय मुंगी,

तुम्ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. भाची आहे, पण ती ऐकते. तुझ्यासारखं मधेच तोडत नाही, त्यामुळे माझं वाक्य संपतं आणि मग काय करायचं कळत नाही.

रविवारचं तुला माहीतच आहे. तू लेखिकाबाईंच्या दिवाणखान्यात शिरून "मी मेलेली. चहा मिळेल का?" म्हणालीस, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा जो रंग झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. भावजींनी वैमानिकाचं प्रकरण वाचून जी एकच दुरुस्ती सुचवली, की वाऱ्याची दिशा चुकली आहे, तीही नाही. आणि चड्डीचे पट्टे उभे होते की आडवे यावर आपण दोघी भांडत असताना त्यांनी ज्या शांतपणे "आडवे" म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस एकेचाळीस वर्षं माझ्या बाजूने असता तर मी किती भांडणं जिंकले असते.

आता पुढची बातमी. सोमवारी बाईंचा फोन.

"मुंगीला जिवंत केलं आहे. तुमच्या भावजींना गच्चीत चढवलं आहे. वैमानिकाला रजेवर पाठवलं."

"उत्तम."

"पण सतरावं प्रकरण रिकामं पडलं. अठराव्यात सगळ्या रडतात. कुणासाठी रडतात?"

"रडू नका म्हणावं."

"अहो, आख्खं अठरावं प्रकरण रडण्याचं आहे. गुरुवारी बाड छापखान्यात जायचंय. मला कुणीतरी मेलेलं हवं."

मी विचारलं, थोरली? त्या म्हणाल्या, थोरलीचा जावई वकील आहे. मी विचारलं, साहेब? त्या म्हणाल्या, साहेबासाठी कोण रडेल? हा मुद्दा मला मान्य करावा लागला. आत्यालाच मारा म्हटलं, तर म्हणाल्या, फुग्याच्या मरणावर वाचक हसतात. आम्ही दोघी बाजारात भाजी निवडावी तशा एकेक पोरीला उचलून बाजूला ठेवत होतो, आणि प्रत्येकीचं काहीतरी होतं. कुणाची म्हातारी आई अजून आहे, कुणाला पणतू झालाय.

मग मी म्हटलं, "मला मारा."

बाईंनी मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही रागावला आहात."

"रागावलेली मी नेहमीच असते. मरायला हरकत नाही. मला मूल नाही, नवरा नाही, भाचीला मी समजावीन. फक्त दोन अटी. एक, वैमानिकाच्या मांडीवर नाही. दोन, शेवटचे शब्द मी लिहून देणार."

त्यांनी लगेच हो म्हटलं. फार लगेच, माझ्या मते.

तू आता आरडाओरडा करशील. करू नकोस. तुला परत मारायला त्यांना एक सबब हवी आहे, आणि तू आत्ताच कुठे माझ्या घरी येऊन तीन कप चहा पिऊन गेली आहेस. मी टपावर उभी राहून मरते. शिट्टी वाजवता वाजवता. मला तर वाटतं मी फार छान मरते. शेवटचे शब्द काय ते सांगणार नाही, पुस्तक विकत घे.

भावजींना नमस्कार. त्यांच्या तळहातांवरच्या वळांवर मी जे मलम दिलंय ते लावत जा म्हणावं, इतकी वर्षं झाली म्हणून काय झालं.

तुझी,
शिट्टी

२१ जून

प्रिय मुंगी,

तू लिहितेस की तुझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

मी तुझ्या शेजारी बसले होते. माझा डावा हात तुझ्या उजव्या हातात होता, आणि तो सुजला आहे. त्यामुळे डोळ्यांत काही गेल्याची गोष्ट तू दुसऱ्या कुणाला तरी सांग.

प्रकाशनाचा समारंभ तसा व्यवस्थित चालला होता. फुलं होती, भाषणं लांबली, अध्यक्षांनी आपल्याला "वीरांगना" म्हटलं आणि तू ऐकू येईल इतक्या मोठ्याने "कोण?" म्हणून विचारलंस. भावजींचं प्रकरण वाचलं तेव्हा सभागृह हसून लोळलं आणि ते उठून उभे राहिले आणि वाकले, तेव्हा माझा ऊर भरून आला, कारण हा माणूस सबंध आयुष्य लपून बसला होता आणि उभा राहिला तर किती ऐटीत. तोवर सगळं ठीक होतं.

मग बाईंनी सतरावं प्रकरण उघडलं. वारा सुटतो, टपावर शिट्टी वाजते, दोरी तुटते आणि शिट्टी थांबते. एवढंच आहे त्यात. बाई वाईट लिहीत नाहीत, हे मी आता कबूल करते, पण त्यांना सांगू नकोस. माझे शेवटचे शब्द आले, "मुंगी, रहाटावरून हात काढू नकोस, मी बघते," आणि तू हुंदका दिलास.

मी हळूच म्हटलं, "अगं, मी इथे आहे."

तू म्हणालीस, "गप्प बस. मला ऐकू दे."

मी म्हटलं, "मी जिवंत आहे, मुंगी. बघ इकडे."

"तू मध्ये मध्ये बोलू नकोस," असं म्हणून तू माझाच रुमाल माझ्याच पर्समधून काढून त्यात नाक शिंकरलंस. पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. भावजींनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तर तू आणखीच मोकळी झालीस. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतकं कुणी रडलेलं मी बघितलेलं नव्हतं. बघायची सोयही नसते म्हणा. तुझं रडणं थांबेना म्हणून मी तुला दोन बोटांनी चिमटा काढला, तर तू रडत रडतच मला परत चिमटा काढलास, आणि मग आपण दोघी हसायला लागलो, आणि बाईंना प्रकरण अर्ध्यावर थांबवून पाणी प्यावं लागलं.

मुद्दा हा, की मी रागावलेली नाही. पण हे काम तू आत्ताच करून ठेवलं आहेस, हे ध्यानात ठेव. मी खरोखर जाईन तेव्हा तुला पुन्हा यायची, गुडघे दुखवायची, रुमाल भिजवायची काही गरज नाही. एकदा रडून झालेलं आहे. ते धरलं जाईल.

शिट्टी